धाकू कोणाला द्यायचा

मी, स्वरूप दत्ताराम पाटकर, वय २१, राहणार जेसल पार्क, भाईंदर पूर्व, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहितोय. (पराग खालून दोनदा शिट्टी मारून गेला. तो दबाव मी धरत नाही.) मरणार मी नाही, धाकू मरेल. बहुतेक आज दुपारीच.

धाकू हे खेळातलं माझं पात्र. गेली आठ वर्षं दर रविवारी आम्ही गच्चीवर टाकीखाली बसतो. नीरज गोष्ट चालवतो, हिना, पराग आणि मी आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतो. वार लागला की हुकला ते डब्यातल्या वीस चिठ्ठ्यांवर ठरतं, कारण वीस बाजूंचा फासा भाईंदरात कुठे मिळायला! पहिल्याच वर्षी हिनाचं पात्र मेलं आणि त्याच्या तलवारीवरून आम्ही दोन महिने एकमेकांशी बोललो नाही. तेव्हापासून मोठ्या लढाईआधी मृत्युपत्र लिहायचं, खाली दोन साक्षीदार. हिनाचे पप्पा वकिलाकडे कामाला आहेत, त्यांनी आणखी एक नियम घातला: साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही.

आज घोडबंदरच्या किल्ल्यावर शेवटची लढाई. उद्या पराग नोकरीला बंगलोरला चाललाय.

कलम १. धाकूची होडी नीरजला. दर खेपेला त्यानेच बुडवलीय.

कलम २. भाला आणि कवड्यांचा ताईत हिनाला. परागच्या जोकवर कमी हसावं, अशी अट घालता आली असती तर घातली असती.

कलम ३. चिठ्ठ्यांचा डबा आईला परत. तो मुळात बेसनाचा. 'मी बघितलाच नाही' असं मी देवाशपथ सांगितलं होतं.

कलम ४. परागला काही नाही. तो पहिला साक्षीदार आहे. मुद्दाम ठेवलाय.

कारण लिहून ठेवतो. तेराव्या वर्षी मला कुणालाच नाही म्हणता यायचं नाही. पोरांनी वही मागितली, दिली. सायकल मागितली, दिली. बाबांनी सायन्स म्हटलं, घेतलं. धाकू मात्र खाडीवरचा कोळी. राजा समोर आला तरी कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "न्हाय." बस, एवढंच. बारावीनंतर बाबांनी इंजिनीअरिंगचा फॉर्म पुढे केला, तेव्हा माझ्या तोंडून तोच बोलला. बाबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. मी आर्ट्सला गेलो.

मग मला कांजण्या झाल्या आणि मी धाकू परागला चालवायला दिला. एक रविवार! तो माझ्यापेक्षा भारी खेळला. पुढे कॉलेजच्या एकांकिकेत त्याने तोच आवाज, तोच हात वापरला आणि बक्षीस आणलं. आता मीरा रोड स्टेशनवर पोरं त्याला हाक मारतात, "काय धाकू!" मी बाजूलाच उभा असतो.

"चोर आहेस तू," मी त्याला म्हटलं.

"अरे, तू त्याला फक्त रविवारी बाहेर काढतोस. बाकीचे सहा दिवस तो काय लोणच्यात घालायचा?"

"स्वरूप, तू जल रहा है यार," हिना म्हणाली.

जळतोय. लेखी देतो.

कलम ५. 'न्हाय' हा शब्द परागने यापुढे

इथे पेन थांबलं. खाली अनसूयामावशी माशांची पाटी घेऊन आली होती. तळमजल्याच्या काकू म्हणाल्या, "अजून दोन बांगडे टाक ना गं."

मावशीचा हात कमरेवर. "न्हाय."

तोच सूर. याच गॅलरीत उभा राहून मी तो उचलला होता. तिला कधी विचारलं नाही.

कलम ४ आणि ५ रद्द. धाकू जगो की मरो, त्याचं नाव आणि आवाज परागला. मला हे अजिबात आवडलेलं नाही, याची नोंद घ्यावी. आजची चिठ्ठी मात्र मीच काढणार.

ठिकाण: भाईंदर पूर्व. रविवार, १४ मे २००६.

सही: स्वरूप द. पाटकर

साक्षीदार:

१. पराग (नाव मीच खोडलंय.) त्याच्याऐवजी अनसूयामावशी, अंगठा. कागदाला थोडा बांगड्याचा वास येईल. तिला काही ठेवलेलं नाही. तिचंच तिला काय देणार? अंगठा उठवताना तिने विचारलं, "मराला चाललास का रं?"

मी म्हटलं, "न्हाय."

२. सदू, बिल्डिंगचा वॉचमन. त्याने हे ऐकलं.