जाड ऑइल

४ मार्च
आणलं — जाड इंजिन ऑइल, मोठा डबा एक : दोनशे दहा. रॉकेल अर्धा लिटर : चार. मेस्त्रीची मजुरी : पन्नास (सत्तर मागत होता!).

मेस्त्रीने गाडीच्या इंजिनावरचं झाकण काढून दाखवलं. खाली काळा गाळ, डांबरासारखा, बोटाने उचलावा इतका घट्ट. "बाई, ऑइल कधी बदललं होतं?" तीन वर्षं बदललं नाही. कमी झालं की वरून घालत होते. असलेलं ऑइल ओतून द्यायला जीव होत नाही माझा. म्हणाला, आतली जाळी तुंबलीय, ऑइल वर चढतच नाही, इंजिन खोलावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून ह्यांनी भिंतच धरली.

मी विचारलं, आणि जाड ऑइल घातलं तर?
"आवाज दबेल चार दिवस. मग इंजिन बसेल ते कायमचं."
चार दिवस पुष्कळ झाले.

५ मार्च
धाकट्या भावाला पत्र टाकलं. कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलाय. हातात आलेल्या पैशांतून गाडी घेऊन स्टेशनवर भाडी मारायचा बेत आहे. मग घे म्हणावं आमचीच!

हे म्हणाले, "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा!"
"म्हणूनच तर. परक्याने आत वाकून बघितलं असतं."

७ मार्च
हे दोन दिवस बोलत नाहीत. बरंच झालं, जप निवांत होतो.

९ मार्च
झाकण आतून रॉकेलने घासलं. देवाची भांडी घासते तसं, लखलखीत.

मॅट्रिकला मी वर्गात पहिली आले होते. बाबा म्हणाले, "एकालाच शिकवणं जमेल." आई म्हणाली, "राजा शिकू दे." राजेसाहेब कॉलेजात दोनदा नापास झाले! तोवर मी सासरी चौदा माणसांची खरकटी काढत होते. कोणी हिशोब ठेवला नाही. देव ठेवतो, आणि मी ठेवते.

१४ मार्च
आले दोघं. राजाचं टक्कल पडलंय, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली. भावजयीचे कान मोकळे. विचारलं नाही.

गाडी मांजरीसारखी गुरगुरली. म्हटलं, बघून घे बाबा नीट. तर म्हणे, "ताई, तू वापरलेली गाडी, त्यात बघायचं काय!" गाढव ते गाढवच. पाकीट पुढे केलं. मी त्याच्यासमोर दोनदा मोजलं. व्यवहार म्हणजे व्यवहार.

जाताना वाकून नमस्कार केला. डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "भरभराट होऊ दे." हे आतून बाहेरच आले नाहीत. निरोप द्यायलासुद्धा!

१५ मार्च
हे जेवले नाहीत. ताट झाकून ठेवलं, सकाळी चालेल.

२ एप्रिल
राजाचं कार्ड. "गाडी झकास चाललीय, ताई. काळजी करू नकोस."

झकास! एकोणीस दिवस झाले! मेस्त्री थापाड्या निघाला म्हणायचा. म्हणजे धडधाकट गाडी मी मातीमोलाने देऊन बसले? आज जपात लक्ष लागलं नाही. दोन हजार तरी चढवून सांगायला हवे होते.

११ एप्रिल
भावजयीचं पत्र. ह्यांनी वाचलं, माझ्या पुढ्यात ठेवलं आणि उठून गेले. जसंच्या तसं उतरवते.

"ताई, ह्यांना न सांगता लिहिते आहे. गाडी त्याच दिवशी वाटेत बसली. ओढून आणली, मग भंगारात दिली. इथला मेस्त्री म्हणाला, विकणाऱ्याला सगळं ठाऊक असणार. हे त्याच्यावरच धावून गेले. घरी येऊन मला म्हणाले, ताईने कळून-सवरून दिली असेल तर घरात मोठं दुखणं असणार, भावोजींचं नाहीतर तिचंच. पैसे मागायला लाजली असेल. म्हणून तुम्हाला गाडी छान चाललीय असंच लिहायचं ठरलं. हे आता गोदामात पोती वाहतात. पगार झाला की थोडे पाठवू. ताई, आजार कोणाला आहे? उलट टपाली कळवा."