विळा बांधावर ठेवून

उत्रोली,
२६ एप्रिल २०२५

ती. जाऊबाईंना सुलक्षणाचा नमस्कार.

पाकिटावर माझं अक्षर बघून तुम्ही नलूला म्हणाला असाल, "बघ गं, तुझ्या काकीनं नोटीस धाडली." नोटीस नाही, पत्रच आहे. फोन केला असता. पण तुमचा आवाज कानावर पडला की मला भांडणच सुचतं, आणि आज मला सगळं शेवटपर्यंत सांगायचं आहे. गुडघा कसा आहे? विंझरला लेकीकडे आहात तोवर आराम करा, तिची भांडी घासत बसू नका. इकडे तुमचा लेक गोरख म्हशीला इतकी पेंड घालतो की ती माजली आहे.

आता मुख्य. जाऊबाई, मी जिंकले! ओढ्याकाठच्या खाचरावरची जप्ती उठली. काल पुण्याच्या कोर्टात निकाल झाला. मी तिथल्या पायऱ्यांवरच पेढे वाटले. एका अनोळखी हवालदारालाही बळंच दिला.

तो दिवस आठवतो ना? ऐन कापणीत आपली जुंपली होती. बांध तुम्ही दीड हात सरकवला, असं मी म्हणत होते. (अजूनही म्हणते.) कुणीतरी पोलिसांना फोन केला, आणि कागदावर काय चढलं? "दोन गट धारदार हत्यारांसह समोरासमोर, शांतताभंगाचा धोका." हत्यारं म्हणजे आपले विळे. दोन गट म्हणजे तुम्ही आणि मी! तेवढ्यावर तहसीलदारसाहेबांनी अख्खं खाचर जप्त केलं. पाय तुम्हीही ठेवायचा नाही आणि मीही नाही. उभं भात जागेवर झडलं, आणि पुढच्या साली तिथे नुसतं तण.

हे म्हणाले, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. म्हटलं, तुम्ही शहाणे, बसा घरी, मी चढते.

काल सरकारी वकिलानं "हत्यारं, हत्यारं" असा घोष लावला की मलाच माझी भीती वाटायला लागली. मग आमच्या वकीलबाई उठल्या आणि फाइलमधला एक जबाब त्यांनी वाचला. जप्ती करताना तो कुणी विचारातच घेतला नव्हता.

कुणाचा, हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा एसटीत बसून खूप विचार केला. सांगितलं तर म्हणाल, "मग जिंकले मीच." म्हणा.

कारकुनानं तुमचा एकही शब्द सुधारला नव्हता. "सायेब, आमी जावा लगीन झाल्यापासनं भांडतोय. इळा हातात हुता कारण भात कापायचं हुतं. भांडायच्या आधी आमी इळा बांधावर ठेवतो, न्हाईतर हातवारं करता येत न्हाईत. ती लई तोंडाळ हाय, पर हात कंदी उचलला न्हाई. दोन दिस ती बोलली न्हाई तर मला भाकर गोड लागत न्हाई."

सगळं कोर्ट हसलं. जजसाहेबही हसले. मग म्हणाले, वाद बांधाचा आहे, तो दिवाणी कोर्टात सोडवा. रोजच्या भांडणाला दंगल म्हणता येत नाही. जप्ती रद्द. ज्याचा जो तुकडा होता तो त्याच्या ताब्यात.

सगळे हसत होते तेव्हा मी पदर डोळ्यांना लावला होता. वकीलबाईंना वाटलं, आनंदानं. आनंद तर होताच, पण तेवढंच नव्हतं. जप्ती आल्यापासून आपण एक शब्द बोललो नाही. मला वाटलं, पोलिसांना तुम्ही बोलावलं. तुम्हाला वाटलं, मी. आणि असं वाटत असतानाही तुम्ही हे सांगून आलात. जाऊबाई, मलाही भाकर गोड लागत नाही हो.

बुधवारी भाताच्या रोपासाठी पालापाचोळा पसरून राब भाजायचा आहे, तुमच्या तुकड्यातही. गोरखला टेम्पो घेऊन पाठवते, या. बांधावर खुर्ची टाकून ठेवते तुमच्यासाठी. पण खुर्ची माझ्या बाजूला असेल, कारण तो दीड हात माझाच आहे.

तुमच्याशी भांडायला मोकळी झालेली,
सुलक्षणा