सातवे चिलखत कोणी घालावे याबद्दल

मी, लहानू पुंजा पगारे, वय एकसष्ट, कारखान्यातून रिटायर झालेला फिटर, राहणार सातपूर, नाशिक, बुद्धाला आणि बाबासाहेबांना वंदन करून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नसल्याची चर्चा वसाहतीत सात वर्षे चालू आहे, ती खोटी आहे. कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. छातीचा दुसरा झटका येऊन गेला, तिसऱ्याची वाट कशाला पाहायची, म्हणून आजच लिहितो.

१. राहते घर, पोस्टातले पुस्तक आणि घरातले सर्व सामान माझी पत्नी झुंबरबाई हिला द्यावे. कपाटावर प्लास्टिकच्या पाच नव्या बादल्या कागदात बांधलेल्या आहेत, त्याही तिच्याच. त्यांना मी कात्री लावलेली नाही. तिच्या बादल्या, धुण्याचा टब, रॉकेलचे कॅन, सगळे मी चिलखतापायी कापले. पाहुणे आले की ती शेजारून बादली मागून आणायची. एकदा म्हणाली, "आंघोळीचं पाणी आता तुमच्या चिलखतात काढू का?" तिचे बरोबर होते. मी तेव्हा उलट तिच्यावरच ओरडलो, याचे वाईट वाटते.

२. माझी हत्यारे, बाकावरच्या लोखंडी वाईससकट, मुलगी चांगुणा हिला द्यावीत. ती घोटीला शिक्षिका आहे. सोबत माझी निळी वही द्यावी. बादली उभी कापून उकळत्या पाण्यात मऊ करायची, उपड्या हंड्यावर दाबून छातीचा आकार द्यायचा, तापवलेल्या दाभणाने भोके पाडायची, आणि चंदेरी रंगाआधी पॉलिश पेपर घासायचा, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. हे सगळे त्यात आहे. मुलीला हत्यारे कशाला, असे कोणी म्हणाल्यास त्याने आधी ती गरम बादली हंड्यावर बसवून दाखवावी.

३. आता मूळ गोष्ट. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या मंडळाचा देखावा असतो. कलिंगची लढाई जिंकलेला सम्राट अशोक चौकात येतो, रक्तपात पाहून चिलखत उतरवतो आणि बुद्धमूर्तीपुढे हात जोडतो. देखाव्यात एवढेच आहे. चिलखत उतरले पाहिजे.

सन १९७९ चे चिलखत मी केले. अशोक झाला होता निवृत्ती दोंदे, माझ्याच खात्यातला, माझा मित्र. गुळगुळीत प्लास्टिकवर पट्टे सरकत होते. तीस वर्षांचा फिटरचा हात, काही ढिले राहिलेले मला खपत नाही. मी निवृत्तीला उभा केला, चिलखत अंगावर चढवले आणि दोन्ही बाजूंनी रिबीट मारले. घट्ट बसले. मी खूश. उतरवायचे कसे, हे माझ्या डोक्यातच आले नाही.

चौकात निवृत्तीने तलवार टाकली, चिलखताला हात घातला, ओढले, पुन्हा ओढले. मंडळाचे दोघे देखाव्याच्या गाडीवर चढले आणि त्याला हलवू लागले. तो सगळ्यांदेखत ओरडला, "लहानूभाऊ, हे चिलखत केलं का पिंप केलं रे?" लोक पोट धरून हसले. शेवटी गॅरेजातून पत्रा कापायची कात्री आणून अशोकाला सोडवले. बुद्धमूर्तीपुढे हसे झाले, ते माझ्यामुळे. मी त्याच दिवशी चौकात माफी मागितली होती. ती कोणाच्या लक्षात नाही, पिंप मात्र सगळ्यांच्या लक्षात आहे.

४. पुढच्या वर्षापासून मंडळ मुंबईहून पत्र्याचे चिलखत भाड्याने आणते. ते इतके जड की अशोकाला वाकता येत नाही, आणि पाठीमागचे स्क्रू काढायला माणूस लागतो. मी दरवर्षी नवे केले, दरवर्षी मंडळाला सांगितले, या, बघा. कोणी आले नाही. सात वर्षे! अरे, बघायला काय जाते? पहिली सहा माळ्यावर आहेत, ती झुंबरबाईने खुशाल भंगारात द्यावीत. सातवे खुंटीवर आहे. डाव्या काखेत एक नायलॉनची दोरी आहे. एका हाताने ओढली की दोन्ही बाजू सुटतात. मी दोनशे वेळा ओढून पाहिली आहे.

५. सातवे चिलखत चांगुणाचे. मात्र माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या चौदा एप्रिलला ते निवृत्ती दोंदे याने घालावे आणि चौकात स्वतःच्या हाताने उतरवावे, ही माझी शेवटची इच्छा. वकिलांनी सांगितले की ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार करू नये. म्हणून निवृत्तीला मी काहीही देत नाही. त्याने नुसती सही करावी. सात वर्षांत तो माझ्या ओट्यावर चढलेला नाही, सहीसाठी तरी चढेल.

६. माझ्या मागे जेवणावळी घालू नयेत. वंदना घ्यावी आणि आपापल्या पाळीला जावे.

ठिकाण : सातपूर, नाशिक
दिनांक : २ मार्च १९८६
सही : लहानू पुंजा पगारे

साक्षीदार
१. सावळीराम कोंडाजी निकम, शेजारी. मजकूर वाचून लहानूभाऊंसमक्ष सही केली.
२. निवृत्ती यादव दोंदे. सगळं वाचलं. सही करतो, पण पाचवं कलम मान्य नाय. खुंटीवरचं चिलखत आत्ताच घालून पाहिलं, दोरी ओढली, सुटलं. तू मरायची वाट मी बघणार नाय. ह्याच चौदा एप्रिलला घालतो. चौकात खुर्ची टाकून ठेवतो, लहानूभाऊ, तू समोर बस.