वीतभर राहिलेली फेरी

प्रिय छकुली,

पार्सल मिळाल्याचा तुझा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते, म्हणून "बरं, बरं" एवढंच म्हणून ठेवला. तूही घाईतच होतीस. "ताई, तुझ्यासारखं कुणाला जमणार नाही गं," असं म्हणालीस, पण अगदी हळू, कारण खोलीत आणखी कुणीतरी होतं. माझी नजर थोडी कमी झाली आहे, कान अजून शाबूत आहेत.

इथे सगळं ठीक. तुझ्या भाऊजींची कंबर पुन्हा धरली आहे. दिवसभर दुकानात वाकून लोकांची घड्याळं उघडायची, मग दुसरं काय होणार. "जगाची वेळ सुधारता सुधारता माझीच वेळ आली," असं म्हणतात आणि स्वतःच हसतात. लेक शाळेत रुळली. पहिलीच्या पोरांना कागदाची फुलं करायला शिकवते आणि घरी येते ती केसांत डिंक घेऊन. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीवरच्या हिवाळ्याच्या चांदण्या मी गेल्या आठवड्यात उतरवल्या, धुतल्या, टॉवेलवर पसरून वाळवल्या आणि डब्यात भरल्या. खिडकी मात्र रिकामी आहे. ऋतू बदलला आणि आमच्या खिडकीला काही नाही, असं आईच्या काळापासून पहिल्यांदाच झालं. तुझी ऑर्डर होती ना, वेळच मिळाला नाही.

आईचं ते ऋतूचं वेड तुला आठवतं का गं? कॅलेंडर बघून तिने कधी ऋतू बदलला नाही. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन जेवणाच्या टेबलाच्या कुठल्या फळीपर्यंत पोचतं ते ती बघायची, आणि एक दिवस सकाळीच जाहीर करायची की आज आपल्याकडे वसंत. की लगेच धावपळ. बाबा शिडी धरणार, आई जुनं तोरण उतरवून नवं चढवणार, शेजारची सगळी पोरं बिस्किटांसाठी दारात. क्रोशाची चक्रं, फुलं, पानं, चांदण्या, सगळं तिच्या हातचं. बाहेर अजून थंडी असली तरी आमच्या घरात वसंत आलेला असायचा आणि कुणी वाद घालायची सोय नव्हती.

आणि मी कशी शिकले ते आठवतं? तू लहान होतीस, पण इतकी काही लहान नव्हतीस. मी डावरी. आत्याने माझा डावा हात रुमालाने पाठीशी बांधून ठेवला होता, लिहितानाही आणि जेवतानाही. घरात मुलगी डावरी म्हणजे जणू काही घराण्याला बट्टा. आईने एक दिवस तो रुमाल सोडला, आत्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "वन्सं, हा तुम्ही नाक पुसायला ठेवा." तिने माझ्या डाव्या हातात सुई दिली खरी, पण पुढे शिकवायचं कसं? ती उजव्या हाताची. शेजारी बसवून दाखवलं की माझं सगळं उलटंच व्हायचं. दोन दिवस तिने विचार केला आणि तिसऱ्या दिवशी मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा लावून. आरशात बघतेस तसं माझ्याकडे बघ, म्हणाली. ती उजवीकडून डावीकडे जायची, मी डावीकडून उजवीकडे. अख्खा हिवाळा मी तिच्या तोंडासमोर बसून काढला. तिच्या भुवया, ओठांत धरलेला दोरा, टाका चुकला की वर होणारी हनुवटी, सगळं मला अजून तसंच दिसतं. एवढा वेळ आईचं तोंड दुसऱ्या कुणी बघितलं नसेल.

तूही शिकायला बसली होतीस, नाही असं नाही. तिच्या शेजारी, उजव्या हाताला. तीन दिवस. चौथ्या दिवशी तू हातभर साखळी विणून मांजराच्या गळ्यात बांधलीस आणि खेळायला पळालीस. आई पोट धरून हसली होती. मला तुझा राग आला नव्हता. उलट वाटलं, बरं झालं, आता आई माझी एकटीची.

शेवटी शेवटी आईला दिसत नव्हतं तेव्हा ती तोरणावरून बोटं फिरवून सांगायची की हे माझं आणि हे तुझं. कारण माझ्या चक्राच्या पाकळ्या तिच्या चक्रांच्या उलट्या बाजूला वळतात. हात डावा असला की तसंच होतं, त्याला इलाज नाही.

आई गेली आणि मी दर ऋतूला दोन तोरणं करायला लागले. एक आमच्या खिडकीला, एक तुझ्या. तू मागितलं नव्हतंस. मलाच वाटलं, तू इतकी लांब त्या उंच इमारतीत राहतेस, तुझ्याकडेही आईचा ऋतू पोचावा. सहा वर्षं पाठवली. तुझे भाऊजी म्हणायचे, एका खिडकीची मेहनत दुप्पट केलीस. मी म्हणायचे, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. तू फोटो पाठवायचीस, मी तो शेजारणींना दाखवायचे. सांग, यापेक्षा शहाणी बहीण कुठे मिळेल?

गेल्या हिवाळ्यात मी तुझ्याकडे आले. तुझी खिडकी चांदण्यांनी भरलेली, तिच्यापुढे बायकांची गर्दी, हातात कप. तुझी ती समोरच्या घरातली, जाड चष्म्याची, माझ्याजवळ आली आणि फार प्रेमाने म्हणाली, तुमच्या बहिणीच्या हातात जादू आहे हो, आणि तुम्हाला मात्र कधी जमलंच नाही म्हणे. असं होतं एकेकाचं, वाईट वाटून घेऊ नका. मी दाराकडे बघितलं. तू ट्रे घेऊन उभी होतीस आणि तुला सगळं ऐकू गेलं होतं. मला वाटलं, आता ही लाजेल, निदान ट्रे तरी हलेल. तू माझ्याकडे बघून गोड हसलीस आणि विचारलंस, "ताई, अजून एक बिस्किट?" आणि मी ते घेतलं. घेतलं आणि खाल्लं. छकुली, मला तुझ्यापेक्षा त्या बिस्किटाचा राग जास्त आहे.

तरी मी गिळलं ते गिळलं. परत येताना गाडीत मीच तुझी वकिली करत होते. पोरगी एकटी पडते तिथे, नवऱ्याच्या मित्रमंडळात सगळ्यांच्या बायका काही ना काही करतात, हिच्याकडे सांगायला काही नाही. असू दे, चांदण्या लावल्या काय, आपल्या म्हटल्या काय. आयत्या बिळावर नागोबा, पण नागोबा तर घरचाच. मी एवढी मोठ्या मनाची होऊ शकते याचं मला कौतुकच वाटलं.

मग महिन्यापूर्वी लेकीने तुझी मुलाखत वाचून दाखवली. पेपरच्या पुरवणीत अर्धं पान, फोटोत तू आणि मागे माझी चांदणी. वसंताच्या मेळाव्यात शहराच्या सभागृहात तुझं तोरण लागणार, मोठ्या बाई स्वतः येणार, चाळीस वर्षं हस्तकलेच्या शाळेत क्रोशा शिकवलेल्या. छान. आणि खाली तुझं वाक्य: "आई मला समोर बसवायची, गुडघ्याला गुडघा लावून. आरशात बघावं तसं मी तिच्याकडे बघून शिकले. ताईला त्यात रस नव्हता." लेक वाचायची थांबली. मी तिला म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं, मग पेपर घडी करून दुसऱ्या खोलीत निघून गेली.

तोरणं घे गं. चांदण्या घे, चक्रं घे, हवं तर सगळा डबा घेऊन जा. पण आईचं तोंड तू मला न विचारता उचललंस आणि अर्ध्या पानावर छापलंस. ते माझं होतं. तिच्याकडून मला दुसरं काही मिळालं नाही आणि मी मागितलंही नाही. त्या दिवशी मी भांडी घासता घासता मोठ्याने म्हणाले की मी हिचा सूड घेणार. तुझे भाऊजी घाबरून बाहेर आले. त्यांना वाटलं, मला झुरळ दिसलं.

आणि नेमका त्याच संध्याकाळी तुझा फोन. तोरण बारा चक्रांचं हवं, मध्ये एक मोठं परातीएवढं. आणि मोठ्या चक्राची शेवटची फेरी वीतभर राहू दे, सुई तशीच अडकवून ठेव. तेवढे खांब, ते उभे टाके गं, मी मंचावर सगळ्यांसमोर घालीन, म्हणजे उद्घाटन होईल. मी व्हिडिओ बघून सराव करते आहे, खांब घालायला जमतात मला आता, तू काळजी करू नकोस. मी म्हटलं, काळजी कसली, तू सांगशील तसं करते. इतक्या गोड आवाजात मी आयुष्यात कधी बोलले नव्हते.

छकुली, मी काहीही वाकडं केलेलं नाही. देवाशपथ. दोरा चांगला आहे, गाठ पक्की आहे, मोजमाप चोख आहे, तू सांगितलंस तसं वीतभर राखलं आहे. मी फक्त नेहमीसारखी विणत गेले, डावीकडून उजवीकडे. जे राहिलं आहे ते सुईच्या उजव्या हाताला आहे. आता तू तुझ्या उजव्या हाताने सुई धर आणि व्हिडिओतल्या बाईसारखी विणायला लाग. तू डावीकडे सरकशील, आणि डावीकडे माझे खांब आधीच उभे आहेत. रिकामी जागा सुईच्या पाठीमागे राहील. पहिल्या टाक्यालाच अडशील. चक्र उलटं करून धरलंस तर पुढे जाता येईल, पण मग फेरीची मागची बाजू वर येईल, आणि ती लपत नाही. मोठ्या बाई तुझ्यापासून हातभर अंतरावर असतील, समोर दीडशे विणणाऱ्या बायका, आणि तूच मला कौतुकाने सांगितलंस की मागे मोठ्या पडद्यावर तुझे हात दाखवणार आहेत. झाकली मूठ होती गं तुझी. मंचावर विणून दाखवायची कल्पना तुझी, माझी नाही. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

त्यातून मुलाखत तर सगळ्यांनी वाचलेली आहे. समोर बसून, आरशात बघितल्यासारखं कोण शिकतं ते मोठ्या बाईंना विचार. फक्त डावरी मुलगी शिकते. उजव्या हाताच्या मुलीला शेजारी बसवतात, आईने तुला बसवलं होतं तसं. तू चोरलंस तेही न समजता चोरलंस. एक चक्र जरी पुरं विणलं असतंस तरी तुला कळलं असतं. बघ, दोन दिवसांत डावा हात वळला तर वळव. मला हिवाळा लागला होता.

आजारी पडायचं मनात आणू नकोस. तुझ्या नवऱ्याने सगळं ऑफिस बोलावलं आहे, ते तुला खाटेसकट घेऊन जातील.

आता तू विचारशील, एवढं सगळं करायचं होतं तर आधी कळवलंस कशाला. पाझर फुटला म्हणून नव्हे. नुसती फजिती एका मिनिटाची असते. तू सुई खाली ठेवली असतीस, दोरा अडकला म्हणाली असतीस, गोड हसली असतीस आणि कुणीतरी टाळ्या वाजवल्या असत्या. मला तेवढं पुरत नाही. गेला महिनाभर मी रोज तुझं ते वाक्य डोक्यात घेऊन उठते आहे. तुला निदान शुक्रवार आणि शनिवार तरी मिळावेत, म्हणून हे पत्र आजच कुरियरने पाठवते आहे. रविवारी मी येते आहे. पहिल्या रांगेतली खुर्ची मी मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहून मागून घेतली, कलाकाराची थोरली बहीण म्हणून. तू माईकवर मला वर बोलावलंस आणि आईने समोर कुणाला बसवलं होतं ते तुझ्या तोंडाने सांगितलंस, तर मी येईन आणि फेरी पुरी करून देईन. नाही बोलावलंस, तर मी खुर्चीतून उठणार नाही, मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत बघत बसेन. यातलं मला काय जास्त आवडेल, असं मी आज स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, आणि जे उत्तर आलं ते थोरल्या बहिणीला शोभणारं नाही.

तुझीच,
ताई