वजन पुरं झाल्याशिवाय

दि. ९ सप्टेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल, वहिनीचा खोकला गेला असेल. झालं. आता भांडते.

पत्र लिहितेय, कारण फोनवर बोलायला लागले की बाबा शेजारी येऊन बसतात आणि तू काय म्हणालास ते मला मोठ्याने सांगायला लावतात. शिवाय फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस.

दादा, त्या कंट्रोल आर्मचा एकदाचा निकाल लाव. आधी म्हणालास, जुनेच राहू देत. गाडी उंच केल्यावर म्हणालास, पुढचा अ‍ॅक्सल मागे ओढला गेलाय, लांब आर्म हवेत. बरोबर होतं, मागवले. ते आले तर तुला कुणीतरी सांगितलं की लांबी कमीजास्त करता येणारेच घ्यावेत. परत पाठवले. दुसरे आले, तर यांचे सांधे लोखंडी, फार खडखडतील, रबरी बुशवाले बघ. आणि परवा म्हणतोस, दगडांत रबर टिकत नाही. अरे, अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारे दांडे आहेत ते. घरजावई शोधतोयस का?

उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं. इथे तुझी ही म्हातारी गाडी स्टँडवर चढून बसलीय, गॅरेजमधली चांगली जागा अडवून. गिऱ्हाइकं विचारतात ही कुणाची, आणि बाबा सांगतात, आमच्या थोरल्याची, तो आला की नदीतल्या दगडांवरून वर टेकडीपर्यंत नेणार. रोज सांगतात. ज्याला काल सांगितलं त्यालाच आज सांगतात.

मी मूर्ख नाही, दादा. गाडी झाली की येतो म्हणालास, आणि गाडी काही होऊ देत नाहीस. तू गॅरेज सोडून नोकरी धरलीस तेव्हा बाबा जे बोलले ते मीही ऐकलं होतं. वाईटच बोलले. तुझ्या जागी मी असते तर मीही रुसले असते. पण तू ज्या भांडणाला धरून बसलायस ते त्यांच्या आता लक्षातही नाही.

हे ओघात लिहून गेले. तर आता सांगूनच टाकते.

मी रबरी बुशवाले, ठरलेल्या लांबीचे आर्म घेतले. तुला विचारलं नाही. बाबांना मात्र सांगितलं की दादानेच निवडलेत. इतके खूश झाले, की आर्म हातात घेऊन शेजारच्या रंगाऱ्याला दाखवून आले. मग आम्ही दोघांनी मिळून ते बसवले आणि बाबांनी पाना घेऊन बोल्ट करकचून आवळले. गाडी वर, चाकं लटकलेली, तशीच.

तुला वाचताना धस्स झालं असेल. आपल्याला अक्षरओळख व्हायच्या आधी हा नियम पाठ होता. गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय बुशचे बोल्ट आवळायचे नाहीत, नाहीतर रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. नुसती गाडी उभी करूनही बाबांचं भागायचं नाही. माणसं बसल्यावर गाडी जेवढी दबते तेवढी दबायला हवी म्हणून आपल्याला पुढच्या सीटवर बसवायचे. आपण काटकुळे, म्हणून मांडीवर हत्यारांची पेटी द्यायचे. तू माझी पेटी खिडकीकडे ढकलायचास आणि मी रडायचे.

बाबा चहाला गेल्यावर मी बोल्ट ढिले केले. परत आले ते मलाच ओरडले, हे असं अर्धवट काम कुणी शिकवलं तुला, आणि पुन्हा आवळले. मी पुन्हा ढिले केले. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. हातातला पाना ते गॅरेजभर शोधतात. डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, हे वाढत जाणार, किती लवकर ते सांगता येत नाही. बाबांनी मला बजावलंय की तुला कळवायचं नाही. थोरला कीव करून आला तर मला नकोय, म्हणाले. म्हणजे तू आलेला हवायस, पण आपण होऊन. तुम्ही दोघं एकाच मुशीतले आहात आणि मधल्या मधे माझं भरीत होतंय.

काल मी म्हातारीला चाकांवर उतरवलं. बाबा फळीवर आडवे होऊन खाली सरकले आणि आतून आवाज आला, "पोरं बसली का?"

माझे हात ग्रीसने भरले होते. तसेच पुसले आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. म्हटलं, बसले बाबा.

खाली ते गाडी किती दबलीय ते चाचपत होते. मग म्हणाले, "एकच बसलंय. थोरला कुठाय?"

मी म्हटलं, येतोय. दुसरं काय सांगणार होते?

ते बाहेर सरकले. मला वाटलं आता चिडतील. पण त्यांनी पाना पुसला, तुझ्या सीटवर ठेवला आणि म्हणाले, "मग थांबू. वजन पुरं झाल्याशिवाय आवळायचं नाही."

एवढा नियम त्यांना अजून बरोबर आठवतो, दादा. कधीपर्यंत आठवेल ते मला माहीत नाही, आणि मला त्याची फार भीती वाटते.

बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवलेत. पाना आहे तिथेच आहे. मी कुणाला हात लावू दिलेला नाही. आर्म चुकीचे घेतलेत असं वाटत असेल तर तोंडावर येऊन सांग.

तुझ्या शेजारच्या सीटवरून,
धाकटी