दोन टक्के मीठ

सोम. ३ मार्च
नोकरी लागली. एकोणपन्नासाव्या वर्षी, आयुष्यातली पहिली. अंबत्तूर इंडस्ट्रियल इस्टेटमधला लोणच्याचा छोटा कारखाना, घरापासून बसने तीन स्टॉप. सध्या मावडूचा हंगाम. मावडू म्हणजे बोटभर कैऱ्या, अख्ख्याच मिठाच्या पाण्यात मुरवतात. माझं काम ते पाणी तयार करायचं. तीन आठवडे बघणार, मग पक्कं.
मालकांनी तमिळमध्ये विचारलं, टक्केवारी येते का? मी म्हटलं, "तेरियुम." येते. साताऱ्याहून इकडे येऊन चार वर्षं झाली, एवढ्या ठणठणीत आवाजात तमिळ मी पहिल्यांदाच बोलले, आणि तेही खोटं.
हे ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात क्वालिटीत आहेत. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरले तेव्हा दारातच सांगितलं. म्हणाले, "म्हणजे आता घरात दोन क्वालिटीवाले." टक्केवारीचं त्यांना सांगितलेलं नाही.

मंगळ. ४ मार्च
पहिलं पिंप. सेल्वी मॅडम (सकाळच्या पाळीच्या सुपरवायझर, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मॅडम) म्हणाल्या, पन्नास लिटर, दहा टक्के. इथला नियम सोपा आहे. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो धरायचं, आणि त्याच्या इतके टक्के मीठ.
मोबाइल आत नेता येत नाही. मनात पन्नास भागिले दहा केलं. पाच. पाच किलो टाकलं. मॅडमनी मीठ मोजायची काचेची नळी पाण्यात तरंगवून बघितली, मान हलवली. बरोबर.
एवढंच होतं तर. उगाच घाबरले आयुष्यभर.

गुरु. ६ मार्च
पस्तीस लिटर, बारा टक्के. पस्तीस भागिले बारा. तीन किलोला थोडं कमी. आत्मविश्वासाने टाकलं.
नळी तरंगवली. मॅडमनी पुन्हा तरंगवली. मग माझ्याकडे बघितलं, मग नळीकडे, जणू नळीचाच दोष असावा. शेवटी विचारलं, किती टाकलंत? सांगितलं. "अक्का, हे कसं काढलंत?" मी म्हटलं, आमच्याकडे असंच काढतात. साताऱ्याची अब्रू माझ्यामुळे गेली.
पस्तीस लिटर गटारात. मॅडम म्हणाल्या, "परवाइल्लै, पहिला आठवडा आहे." असू दे म्हणाल्या, पण वहीत काहीतरी लिहिलं.
सातवीत असताना मला कांजिण्या झाल्या. तीन आठवडे घरी. परत गेले तेव्हा शेकडेवारी संपून नफा-तोटा चालू झाला होता. बाईंना विचारायला हवं होतं. नाही विचारलं. आज विचारीन, उद्या विचारीन, असं करता करता लग्न झालं. तेव्हापासून कुठेही टक्के निघाले की मी मान डोलावते. छान डोलावते, कुणाला संशय येत नाही.

शनि. ८ मार्च
वरच्या मजल्यावरच्या कमलाबाईंकडे विरजण आणायला गेले. वय एकाहत्तर. तंजावरकडच्या मराठी. घराणं कित्येक पिढ्या इकडेच, त्यामुळे त्यांची मराठी ऐकताना जुनी पोथी कुणीतरी तमिळ चालीवर वाचतंय असं वाटतं. झालं म्हणायचं तर "होलं" म्हणतात. पस्तीस वर्षं दवाखान्यात औषधं तयार करायच्या.
"नोकरी कशी आहे?" म्हणाल्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. कांजिण्यांपासून. नवऱ्याला नाही सांगितलं ते. विरजणाची वाटी हातातच.
हसल्या नाहीत. म्हणाल्या, "टक्का विसर. शेकडा म्हण. शंभरामागे किती, एवढंच."
बारा टक्के म्हणजे शंभर लिटरमागे बारा किलो. पस्तीस लिटरमागे? आधी दहा टक्के काढ, पॉइंट एक घर मागे सरकव. साडेतीन. मग एक टक्का, आणखी एक घर. पस्तीसचा पॉइंट तीन पाच. तो दोनदा घे. साडेतीन अधिक पॉइंट सात. चार किलो दोनशे ग्रॅम.
आणि मी टाकलं होतं तीनपेक्षा कमी. मग मंगळवारी बरोबर कसं आलं? म्हणाल्या, शंभरात दहा दहादा बसतात, म्हणून दहा टक्क्यांना दहाने भागलं तरी चालतं. फक्त तिथेच. "देवानं तुला एक दिवस दिला. रोज देणार नाही."
विरजण न घेताच खाली आले. पुन्हा जावं लागलं.

रवि. ९ मार्च
सराव. घरात दिसेल त्याचा शेकडा काढला. बारा इडल्या केल्या, ह्यांनी नऊ खाल्ल्या. म्हटलं, "तुम्ही पंचाहत्तर टक्के खाल्लंत." ह्यांनी दहावी उचलली होती, ती खाली ठेवली.
दुपारी साडीच्या दुकानात गेलो. पाटी: पन्नास टक्के सूट, त्यावर आणखी वीस. हे म्हणाले, सत्तर. मी म्हटलं, साठ. ते हसले. ते क्वालिटीवाले हसतात तसं. मी म्हटलं, शंभराची साडी घ्या. पन्नास गेले, उरले पन्नास. वीस टक्के त्या उरलेल्या पन्नासाचे. दहा. म्हणजे साठ. "अगं पन्नास आणि वीस सत्तर होतात, पहिलीतलं पोरगं सांगेल." काउंटरवरच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, "सिक्स्टी, सर."
घरी आल्यावर मोबाइल घेऊन बाथरूममध्ये गेले. बराच वेळ. बाहेर आले आणि म्हणाले, "चहा टाकतेस?" एवढंच. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

बुध. १२ मार्च
क.बाईंनी आज गंमत दाखवली. पंचाहत्तरचे चार टक्के अवघड वाटतात ना, मग उलटं कर. चारचे पंचाहत्तर टक्के. तीन. दोन्हीकडून उत्तर एकच. खोटं वाटलं. घरी येऊन सहा वेळा करून बघितलं.
कारखान्यात आठ पिंपं, आठही बरोबर. आता नळी तरंगवताना मॅडम माझ्याशी कैऱ्यांच्या भावाबद्दल बोलतात.

सोम. १७ मार्च
आज काय झालं ते नीट लिहून ठेवते.
मावडू लवकर मऊ पडतंय अशी दुकानांतून तक्रार. मालक आज बाहेर होते, त्यांचा निरोप आला: मीठ दोन टक्के वाढवा. आत्ता पंधरा टक्के चालतं. दोनशे लिटरचं पिंप. मी मीठ काढायला गेले आणि हात थांबला. दोन टक्के वाढवायचे, ते कशाचे? पंधराचे सतरा करायचे, की जे मीठ टाकतो त्यात दोन टक्के भर घालायची?
मॅडमना विचारलं. म्हणाल्या, सतरा, त्यात काय विचारायचं. तेवढ्यात दुपारच्या पाळीचे सुपरवायझर मुरुगन आले. माझ्याच वयाचे, अठरा वर्षं इथे, त्याआधी पुण्यात कंपनीत होते म्हणून माझ्याशी हिंदीत बोलतात. ते म्हणाले, सतरा कुठून? तीस किलोवर दोन टक्के, म्हणजे सहाशे ग्रॅम जास्त.
मी पुठ्ठ्यावर लिहिलं. एक: चौतीस किलो. दोन: तीस किलो सहाशे.
दोघांनी पुठ्ठा बघितला. मग एकमेकांकडे बघितलं. मॅडमनी हळू विचारलं, "अण्णा, मागच्या वर्षी लिंबाला तीन टक्के वाढवायला सांगितले होते, तेव्हा तुम्ही..." मुरुगन मिठाची पोती मोजायला लागले.
म्हणजे सकाळचं लोणचं वेगळं आणि दुपारचं वेगळं. बरणी एकच, लेबल एकच.
मॅडमनी ऑफिसातून मालकांना फोन केला. म्हणाले, दोन टक्के म्हणजे दोन टक्के, आणि ठेवला. पाळी संपली तरी मॅडम आणि मी थांबलो. चार वाजता मालक स्वतः आले. पुठ्ठा हातात घेऊन उभे राहिले. मॅडमनी विचारलं, सर, यातलं कुठलं? त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून बघितला. शेवटी म्हणाले, त्यांचे वडील असताना दोन टक्के वाढव म्हणजे थोडं वाढव, तीन टक्के म्हणजे जरा जास्त. तसंच चालत आलं.
कुणी हसलं नाही. मी पिंपामागे गेले आणि तिथे हसले.
जाताना मालकांनी विचारलं, हे कुणी काढलं? मॅडमनी माझ्याकडे बोट केलं. मुरुगननी नजर खाली घातली.

बुध. १९ मार्च
आता टक्क्यांत काहीच सांगायचं नाही, किलोत सांगायचं, असं ठरलं. तक्ता मी लिहायचा. वीस लिटरपासून दोनशेपर्यंत. क.बाईंनी तपासून दिला. एक चूक निघाली, एकशे ऐंशीची. बरं झालं.
मुरुगन दोन दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. आज माझी पाळी संपताना चहाच्या टपरीवर भेटले. कुणी जवळ नाही असं बघून म्हणाले, "बहनजी, आपने किससे सीखा?" सांगितलं. म्हणाले, लहानपणी मला जमलं नाही, मग लाज वाटत गेली. तीस किलोत सहाशे ग्रॅम हेसुद्धा जावयानं एकदा मोबाइलवर शिकवलं, तेवढंच येतं. मग इकडे तिकडे बघितलं. "मैं भी आऊँ क्या? किसी को बोलना नहीं."
म्हटलं, रविवारी या.

शनि. २२ मार्च
तीन आठवडे झाले. मालकांनी ऑफिसात बोलावलं. नोकरी पक्की. एवढंच म्हणतील असं वाटलं होतं. पण म्हणाले, दुपारची पाळी तुम्ही सांभाळा. मुरुगनना पॅकिंगला टाकू, तिकडे हिशेब नाही, त्यांनाही बरं पडेल.
मी म्हटलं, त्यांना विचारलंत? म्हणाले, त्यात विचारायचं काय. सोमवारी सकाळी तुमचं सांगा, मग त्यांना कळवतो.
घरी ह्यांना सांगितलं. अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुपरवायझर." मग मी गप्प का, ते विचारलं. सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे काही टक्क्यांत बसणारं नाही." पहिल्यांदा पटलं त्यांचं.

रवि. २३ मार्च
मुरुगन दहाला आले. इस्त्रीचा शर्ट, बायकोने दिलेला मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकलीचा, डबा, मुलाची अर्धी कोरी वही. क.बाईंच्या टेबलाशी बसले ते अगदी ताठ. क.बाई त्यांच्याशी तमिळमध्ये बोलल्या, माझ्याशी मराठीत, मधेच दोघांची अदलाबदल झाली. आधी दहा टक्के, मग एक. साठचे अठरा टक्के काढताना बोटं मोजत होते. टेबलाखाली, मला दिसू नयेत म्हणून. दहा पॉइंट आठ. बरोबर आलं.
दोन तासांनी क.बाईंनी दहा गणितं घातली. नऊ बरोबर. चुकलं ते एकशे ऐंशीचं. मीही तिथेच चुकले होते, ते मी सांगितलं. मोकळं हसले. म्हणाले, नऊ म्हणजे किती टक्के? क.बाई म्हणाल्या, तूच काढ. काढलं. नव्वद. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, खाली सही करा म्हणाले. क.बाईंनी केली. मग तो कागद घडी घालून खिशात. उद्या सेल्वी मॅडमना दाखवणार. "उसके बाद वो मुझे छोटा नहीं समझेगी।"
मी चहाचे कप उचलले.
ते गेल्यावर क.बाई म्हणाल्या, "मालकाचं त्याला सांगितलंस?"
नाही सांगितलं. तोंड उघडलं होतं, तेवढ्यात त्यांनी नव्वद लिहिलं.
उद्या आठची बस. मालक नऊला येतात, मुरुगन दोनला. मधे पाच तास. मालकांना म्हणणार आहे की पाळी त्यांचीच राहू द्या, तक्ता मी बघते. किंवा म्हणेन की मला हवी, पण त्यांना पॅकिंगला टाकू नका. यातलं कुठलं, ते बसच्या तीन स्टॉपांत ठरवायचं.