करवंटीतली पेज

२२ एप्रिल २००१, रविवार

भटकी मांजरी आंब्याच्या पेटीत, पेंढ्यावर व्याली. सासूबाई ती पेटी कुणाला हलवू देत नाहीत. "बाळंतीण आहे ती," म्हणतात, आणि रोज करवंटीतून कोमट पेज नेऊन ठेवतात. आज त्यातलं एक अशक्त पिल्लू गेलं. दूध ओढायची ताकदच नव्हती त्याला. सासूबाईंनी फणसाखाली पुरलं आणि डोळे पुसले.

माझं बाळ गेलं तेव्हा याच म्हणाल्या, "होतील अजून. आंबे उतरलेत, पेट्या भरायला बस." अंगातलं दूध आटलं नव्हतं, आणि मी पेट्यांत पेंढा पसरत होते.

म्हणजे माया आहे त्यांच्याजवळ. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आत्ता हाक आली, "अगो, मांजरीची पेज गरम कर." केली. करवंटी भरण्याआधी वाटीभर मी प्यायले. उभ्यानंच.